ग्लू सापडत नाही

मेंदूच्या आजारपणानंतर आमच्या ह्यांची नामं गेली, क्रियापदं राहिली. हे असं व्याकरणात सांगायला मला वाचा-उपचाराच्या बाईंनी शिकवलं. एरवी मी व्याकरणाच्या तासाला खिडकीबाहेर बघणारी मुलगी. तर हे "आण" म्हणतात आणि काय आणायचं ते बोटाने दाखवतात. "बंद कर" म्हणतात आणि पंख्याकडे बघतात. मी पंखा बंद करते. घरात त्यामुळे फारसं काही अडत नाही. खरं सांगायचं तर लग्न झाल्यापासून हे असेच बोलत आले आहेत. "कुठंय?" "इथं तर ठेवलेलं." "कुणी हलवलं?" काय हलवलं ते मीच ओळखायचं. तेव्हा मी चिडत असे. आता ओळखून हातात आणून देते, आणि वर चिडतेही.

अडतं ते फोनवर. फोनवर बोट दाखवता येत नाही.

आमची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. कॉम्प्युटरचं काम आहे, नेमकं काय ते तिने मला पुष्कळदा समजावलंय आणि मी पुष्कळदा मान डोलावली आहे. लहानपणी एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून तिला ह्यांनी भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. हे दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा ती मिळेल त्या गाडीने धावत आली होती. पलंगाशी उभी राहिली. ह्यांनी तिच्याकडे डोळे भरून बघितलं, ओठ जुळवले आणि म्हणाले, "पायरी."

हे जिने बनवतात. लाकडी जिने, जन्मभर तेच केलं. तेव्हा आतल्या गोंधळातून जो शब्द हाताला लागला तो पायरी निघाला, त्यात नवल काही नाही. भिंगरी हसली. मीही हसले. मग ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. दाराला काच होती. ह्यांनी ते पाहिलं.

त्या दिवसापासून हे तिच्याशी फोनवर बोललेले नाहीत. मी फोन पुढे केला की हात हलवतात, उठून खालच्या कारखान्यात जातात. आपण बोललो की चुकीचं निघतं आणि चुकीचं निघालं की पोरगी रडते, एवढं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं. मी समजावून थकले. भिंगरीही हळूहळू "बाबांना दे" म्हणायची थांबली. "बाबा कसे आहेत" एवढंच विचारायची, आणि बाबा शेजारच्या खुर्चीत बसून कान टवकारून ऐकत असायचे. मी सांगायचे, बरे आहेत. मग ह्यांच्याकडे वळून सांगायचे, ती बरी आहे. दोघांच्या मधे मी टपालवाली. अलीकडे तिचे फोनही कमी झाले होते, आणि मला मनातून भीती वाटायला लागली होती की हे असंच राहणार. बापलेकीतली वाट अशी भांडण न होताच बंद होते, हे मी दुसऱ्यांच्या घरी बघितलेलं आहे.

आता कॉम्प्युटरचं सांगते.

आमचं घर वर आणि कारखाना खाली. कारखान्याच्या कोपऱ्यात काचेची एक खोली आहे, भुसा आत येऊ नये म्हणून केलेली. तरी तो येतोच. तिथे ह्यांचा कॉम्प्युटर. भिंगरीने स्वतः जुळवून दिलेला. त्यावर लिनक्स घातलंय, कारण दुकानात मिळतं ते तिला पसंत नाही, असं तिचं म्हणणं. आणि त्यात जिन्याचा एक प्रोग्राम आहे. मापं टाकली की पडद्यावर अख्खा जिना उभा राहतो, आणि उंदीर हलवला की तो गोल फिरतो, वरून दिसतो, खालून दिसतो, पोटात शिरूनही दिसतो. आजारपणाच्या आधी ह्यांना त्याचं कौतुक होतं. आजारपणानंतर तो ह्यांची जीभ झाला. आमचे मिस्त्री ह्यांच्याबरोबर कितीतरी वर्षं काम करतायत, पण माणूस कितीही जुना असला तरी "ते... ते... वर घे" यावरून लाकूड कापू शकत नाही. पडद्यावर मात्र बाण नेमका त्या पायरीवर न्यायचा आणि "वाढव" म्हणायचं. "काढ" म्हणायचं. "उतरव" म्हणायचं. मिस्त्री मान हलवतात आणि जिना बरोबर होतो.

तो प्रोग्राम एका रविवारी सकाळी उघडेनासा झाला.

आदल्या संध्याकाळी पडद्यावर एक चौकट आली होती. ती रोजच यायची, अपडेट करू का म्हणून, आणि हे रोज तिला "नंतर" म्हणायचे. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, हो म्हटलं. यंत्राने बराच वेळ काय काय उतरवून घेतलं, बंद झालं, पुन्हा चालू झालं, नवीन रंगाचा पडदा आला. आणि जिन्याचं चित्र दाबलं की बाणाशेजारी एक चक्र गरगर फिरायचं आणि विरून जायचं. पुढे काही नाही. मी वर भाजी चिरत होते. हे दाबत बसलेले, हे मला वरूनही कळत होतं, कारण खालून कसलाच आवाज येत नव्हता. खाली गेले तर मान वर करून म्हणाले, "येत नाही."

त्या आठवड्यात एका बेकरीच्या माळ्यावर जाणारा वळणाचा जिना व्हायचा होता. मिस्त्रींनी लाकूड आणून ठेवलं होतं आणि ते सोमवारी येऊन ह्यांच्या तोंडाकडे बघणार होते. त्या तोंडात शब्द नव्हते, आणि आता पडद्यातही जिना नव्हता. हे मिस्त्रींसमोर हातवारे करत उभे राहतील, हे चित्र मला बघवेना.

मी भिंगरीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. माझा फोन बटणांचा आहे आणि तसाच राहणार. ह्यांचा काचेचा फोन आजारपणापासून खणात पडून फुगला. तेव्हा भिंगरीचं पहिलं वाक्य "आई, स्क्रीनचा फोटो पाठव" हे तिथल्या तिथे बाद झालं. मग ती म्हणाली, थांब, मी इथूनच आत शिरते. बराच वेळ खटपट केली. आत शिरायची वाट तिने पूर्वी करून ठेवली होती म्हणे, पण अपडेटने तीही बुजवून टाकली होती. म्हणजे राहिले मी.

इथे मला माझ्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायचे. शेकडो पोरींच्या जेवणात मीठ अंदाजाने घातलं आणि ते कधी चुकलं नाही. मी अंदाजाने जगणारी बाई आहे. हे मिलिमीटरवाले. आमच्या संसारातली निम्मी भांडणं या एका गोष्टीवरून झाली आहेत आणि उरलेली निम्मीही नीट बघितली तर यावरूनच.

भिंगरीने मला एक काळी खिडकी उघडायला लावली, जिच्यात नुसती अक्षरं उमटतात. त्यात प्रोग्रामचं नाव लिहायला लावलं. खाली इंग्रजीत एक लांबलचक ओळ आली. ती म्हणाली, वाच. मी चष्मा पुसला आणि वाचलं. म्हणजे मला जे दिसलं ते वाचलं. एरर, म्हटलं, लायब्ररी उघडत नाही म्हणतोय. आपल्याकडे लायब्ररी कधी होती गं? ती म्हणाली, आई, पुस्तकांची नाही. कारखान्यात जसं हत्यारांचं सामाईक कपाट असतं, प्रत्येकाने आपला पटाशी-रंधा वेगळा आणायचा नाही, तिथून घ्यायचा, तशी. पडद्यावर चित्र काढायची हत्यारं. त्यातलं कुठलं सापडत नाही तेवढं सांग.

मी परत बघितलं. म्हटलं, ग्लू.

"काय?"

"ग्लू सापडत नाही म्हणतोय. स्पष्ट लिहिलंय. ग्लू."

आमच्या कारखान्यात ग्लू म्हणजे काय हे सांगायला नको. तो डब्यात असतो, ब्रशने लावायचा असतो आणि तो संपला की मिस्त्री दुपारची सुट्टी जाहीर करतात. मला वाटलं, जिन्याचाच प्रोग्राम आहे, सांध्यांना ग्लू मागत असेल. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. भिंगरी हळूच म्हणाली, आई, एकेक अक्षर वाच ना, अगदी जसंच्या तसं. मी वाचलं, एल, आय, बी, ग्लू, सो, एक. ती म्हणाली, मधे काही नाही? मी म्हटलं, काही नाही, दोन-चार ठिपके आहेत, ते काय वाचायचे.

हे खिडकीशी स्टुलावर बसून एका कठड्याच्या नमुन्याला पॉलिश पेपर मारत होते. तो हात थांबला.

"नाही," हे म्हणाले.

मी दुर्लक्ष केलं. भिंगरी विचारत होती की जी मोठा आहे की लहान. मी म्हटलं, मोठा असला काय नि लहान असला काय, जी तो जी. पहिलं अक्षर एल आहे की आय, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, उभी रेघ आहे बाई, तुला जे हवं ते समज.

स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला. हे आले, मला खांद्याने बाजूला केलं. रागाने कान लाल झाले होते. माप घेताना मी फीत सैल धरली की जो राग येतो, तोच. फोन उचलून तोंडाशी धरला. स्पीकर चालू होता, तोंडाशी धरायची गरज नव्हती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"एल," हे म्हणाले. "आय. बी. मोठा जी. मोठा एल. मोठा यू."

मग थांबले. पुढे ठिपका होता. ठिपक्याला काय म्हणतात ते येईना. ओठ हलले, कपाळावर आठी आली, आणि मला वाटलं, झालं, आता फोन ठेवून उठणार. ह्यांनी नखाने फोनवर टकटक केली. एकदाच, टक.

"एस. ओ." पुन्हा टक. "एक."

मला भिंगरी डोळ्यांसमोर दिसत होती, हातात फोन धरून उभी, श्वास रोखलेली. मी मनात म्हणत होते, पोरी, रडू नकोस, आत्ता अजिबात रडू नकोस. ती माझीच लेक. घसा खाकरला आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "कळलं. ठिपका म्हणजे टक. आता मी सांगते, तुम्ही लिहा. मधे जागा सोडायची असेल तिथे मी 'सोडा' म्हणेन."

वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या होत्या, समोर लिहिलेलं सुटं अक्षर त्यांना म्हणता येईल, शब्द आठवून काढायचा झाला की अडेल. मी ते ऐकलं होतं आणि विसरले होते. सुट्या अक्षरांचा माणसाला काय उपयोग, असं मला वाटलं होतं.

भिंगरी सांगत गेली, हे लिहीत गेले. लिहिलं की तेच अक्षर मोठ्याने म्हणायचे आणि तिच्या "हं"ची वाट बघायचे. एल, हं. आय, हं. बी, हं. मधे एक आडवी रेघ आली, तर हे "आडवी" म्हणाले, आणि ती "आडवी" म्हणाली. तिरपी रेघ आली ती "तिरपी" झाली. जिनेवाल्याला आडवं आणि तिरपं कधी विसरत नाही. ओळ पुरी झाली तेव्हा यंत्राने पासवर्ड मागितला. ह्यांनी एक क्षणही न थांबता बोटं चालवली. पडद्यावर काहीच उमटेना, म्हणून मी म्हटलं, अहो, बटणं बंद पडली. भिंगरी म्हणाली, आई, तो दिसत नसतो. तोंडाला न येणारा शब्द बोटांना कसा येतो, हे मला कळलं नाही. काय शब्द आहे तेही मला माहीत नाही.

काळ्या खिडकीत अक्षरांचा पूर आला आणि ओसरला. तेवढ्या वेळात भिंगरीने झालं काय ते सांगितलं. हा प्रोग्राम तिने बाहेरून आणून स्वतःच्या हाताने ठेवलेला. यंत्राच्या दप्तरी त्याची नोंदच नाही. अपडेट करताना यंत्राने कपाट झाडलं, ही हत्यारं कुणी वापरताना दिसत नाही असं ठरवलं आणि टाकून दिली.

"वापरतो," हे म्हणाले. "मी वापरतो."

"हो बाबा. त्याला माहीत नव्हतं."

"विचारायचं."

"विचारायला हवं होतं," भिंगरी म्हणाली. ती यंत्राबद्दल बोलत होती, आणि हेही यंत्राबद्दलच बोलत होते. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी उठून काचेवरचा भुसा पुसायला लागले. तो पुसायची काही गरज नव्हती.

प्रोग्राम पुन्हा उघडून बघितला. पुन्हा तसलीच ओळ आली, पण आता नाव दुसरं. ह्यांनी ते अक्षर-अक्षर करून वाचलं, टक-टक मारून ठिपक्यांसह, आणि शेवटी दोन, टक, एक. मी वाचलं असतं तर एकवीस म्हटलं असतं. भिंगरी म्हणाली, हं, हे जरा वेगळं आहे. हे हत्यार टाकलं नाही, बदललं. जुनं काढून त्या जागी नवं ठेवलंय, त्याच्यावर दोन टक दोन लिहिलंय. काम तेच करतं. पण तुमचा जिना जुन्या नावाने हाक मारतोय आणि त्या नावाचं कुणी नाही.

मी म्हटलं, मग जिन्याला सांग की नवं नाव घे. ती म्हणाली, जिन्याला शिकवता येत नाही आई, तो जसा बनला तसा बनला. आपण एक करू शकतो. जुन्या नावाची एक नुसती पाटी लावायची आणि ती पाटी नव्याकडे बोट दाखवेल. हाक जुन्या नावाने मारली तरी पोचेल बरोबर जागी. कायमचा इलाज नाही हा, मी आले की नीट बसवते, पण तोवर चालेल.

हे लिहायला लागले. ही ओळ मोठी होती आणि हे एकदा चुकले. नवं आधी लिहायचं की जुनं, यात उलटापालट झाली, यंत्राने नकार दिला. ह्यांनी टेबलावर मूठ आपटली. पूर्वी चुकले की शिवी द्यायचे. शिव्याही नामंच असतात, त्या गेल्या. भिंगरी म्हणाली, काही बिघडलं नाही, परत. आणि मग, अक्षर सांगता सांगता, मधेच थांबली.

"बाबा," म्हणाली, "नाव चुकलं तरी चालतं. पोचतं बरोबर. त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही मला हाक मारलीत ती पोचली होती. मी रडले ते नाव चुकलं म्हणून नाही. तुम्ही आहात म्हणून रडले. आदल्या रात्री मला गाडीत वाटत होतं, पोचेपर्यंत नसाल."

हे पडद्याकडे बघत राहिले. हात बटणांवर तसाच. मी काचेपाशी फडकं घेऊन उभी, हलायची सोय नाही. मला वाटलं, हे काहीतरी बोलतील. हे म्हणाले, "सांग. पुढचं."

ती म्हणाली, "लहान एस." आवाज जरा ओला होता.

"एस," हे म्हणाले. ह्यांचाही होता.

ओळ पुरी झाली. यंत्र काही बोललं नाही, खिडकीत नुसती एक रिकामी ओळ आली. मी म्हटलं, झालं नाही वाटतं. भिंगरी म्हणाली, हे यंत्र काम बरोबर झालं की गप्प बसतं. मी ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, ओळखीचा स्वभाव दिसतोय. पलीकडे ती हसली, इकडे हे हसले, आणि दोघांचं हसू एकाच खोलीत ऐकून मला किती दिवस झाले होते ते माझं मला आठवेना.

जिन्याचं चित्र दाबलं. चक्र फिरलं. थोडा वेळ नुसताच करडा पडदा राहिला आणि मी मनात सगळ्या हत्यारांना हात जोडले. मग बेकरीचा जिना उभा राहिला, वळणासकट, कठड्यासकट.

"आलं?" भिंगरीने विचारलं.

"आलं."

"फिरतंय?"

ह्यांनी उंदीर हलवला. "फिरतंय. दिसतंय. उतरतंय." एकेक पायरी उतरावी तसे शब्द येत होते, आणि मी मोजायला बसले नव्हते, पण एवढ्यात माझ्या ध्यानात आलं की कुणालाच कशाचं नाव घ्यावं लागलं नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही.

मग काम संपलं. अक्षरं संपली. पडद्यावर वाचायला काही उरलं नाही, आणि फोनच्या दोन्ही बाजूंना तीच जुनी शांतता पसरायला लागली. भिंगरी म्हणाली, "बरं मग." थोडं थांबून म्हणाली, "ठेवू?"

मला ओरडावंसं वाटलं. अगं, थांब जरा, म्हणावंसं वाटलं. फोन ओढून घेऊन वसतिगृहातल्या पोरींच्या गप्पा, शेजाऱ्यांचं लफडं, काहीही सांगत सुटावंसं वाटलं, की ही शांतता फुटावी. मी जन्मभर तेच केलंय. पण ह्यांनी एक बोट वर केलं होतं, मला थांबवायला, आणि हे खोलीभर बघत होते. जिन्याकडे बघितलं, लाकडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बोट दाखवायला काहीतरी शोधत होते. जिच्याकडे दाखवायचं ती त्या खोलीत नव्हती.

"जेवलीस?" हे म्हणाले.

एवढंच. त्या एका शब्दात काय काय मावलंय बघा. कोण जेवली, ती मुलगी आहे, ती समोरची आहे, ती माझी आहे. ना नाव लागलं, ना हाक. आपल्या भाषेने ही सोय करून ठेवली होती आणि आम्ही तिघं इतके महिने वेड्यासारखे नावं शोधत बसलो होतो.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "नाही," ती म्हणाली. "उठल्यापासून तुमच्याकडेच आहे ना."

"जेव," हे म्हणाले. आवाजात बाप परत आला होता, तोच, दटावणारा. "जेव आधी. मग कर."

"करते," ती म्हणाली. काय करायचं ते तिने विचारलं नाही.

फोन बंद झाला. मी फडकं खाली ठेवलं. आम्हीही जेवलो नव्हतो, वर भाजी अर्धी चिरलेली तशीच होती, पण मी जेवले का हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, खुर्चीतून उठले आणि माझा हात धरून मला जिन्याकडे वळवलं, खऱ्या, वर घरात जाणाऱ्या. जाताना माझा फोन टेबलावरून उचलून स्वतःच्या खिशात टाकला. मी म्हटलं, अहो, तो माझा आहे. हे म्हणाले, "असू दे."

भाजी केली. मीठ अंदाजाने घातलं. पानं घेतली, हे बसले. एरवी पानावर बसले की ताटाबाहेर बघत नाहीत, पण त्या दिवशी दोन घासांनी एकदा खिशावर हात जात होता. मला हसू येत होतं आणि धाकधूकही होती. ती खरंच करेल का? दमली असेल, झोपली असेल, मैत्रिणीने गाठली असेल. पायाला भिंगरी असलेल्या माणसाचा काय भरवसा.

फोन वाजला तेव्हा मी सवयीने हात पुढे केला. इतके महिने पहिला "हॅलो" माझाच असायचा. ह्यांनी माझा हात हळूच बाजूला सारला, उष्ट्या हाताने खिसा खरकटा करत फोन काढला आणि कानाशी धरला.

"झालं?" हे म्हणाले.

ती काहीतरी म्हणाली. ह्यांनी मान डोलावली, फोनवर मान डोलावून कळत नाही हे विसरून. मग खुर्ची भिंतीकडे ओढली, पाठ टेकून ऐसपैस बसले, आणि डोळे मिटले.

"सांग," म्हणाले.

आणि ती सांगायला लागली. काय सांगत होती ते मला ऐकू येत नव्हतं, आणि मी ऐकायला थांबलेही नाही. मी ताटं उचलली आणि आत गेले.